एकाच खेळाचे दोन डबे

केशवापूर, हुबळी
१० जून २०२४

प्रभंजन,

फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि ऐकायला कुणी उरत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. मध्ये बोलायची सोय नाही हे किती बरं आहे बघ.

काम तुझ्या सुनेचं आहे. अश्विनी माझी सून असली तरी तुझी भाचेसून आहे, तेव्हा अंग काढून घेऊ नकोस. धारवाडजवळ बेलूरला तिनं शेड घेतली आहे हे तुला ठाऊक आहे. आपण लहानपणी कट्ट्यावर खडूनं आखून चौकाबारा खेळायचो, तोच तिनं जाड कापडावर छापून, चार कवड्या आणि रंगवलेल्या लाकडी सोंगट्या घालून डब्यात बसवला आहे. हुबळी-धारवाडात खपतो. आता तुमच्या सांगलीच्या एका मोठ्या दुकानदारानं दिवाळीसाठी मागवला आहे. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. शेडमधल्या बायकांना तिनं दिवाळीपर्यंत कामाचा शब्द दिला आहे.

पण तो दुकानदार म्हणतो, कन्नड डबा इथं चालणार नाही, मराठी डबा हवा. नावसुद्धा बदला म्हणतो, कारण तुमच्याकडे याला चल्लस-आठ म्हणतात म्हणे. डब्यावर इरकल नेसलेली एक बाई कवड्या टाकताना दाखवली आहे. तिला अश्विनीनं नथ घातली आणि झाली ती महाराष्ट्राची. बाई तीच, हात तोच, कवड्या त्याच.

राहिले आतले नियम. कन्नडमध्ये मीच लिहिले आहेत. सोबत त्यांचं मी केलेलं मराठी पाठवते. तू वकिली थांबवून बसला आहेस, तर एकदा नजर टाक. सुम्ने, नुसती भाषा बघ. नियमांना हात लावू नकोस.

अप्पा छान आहेत. त्यांना सांगलीला न्यायचा विषय या कामात आणू नकोस.

तुझी
अक्का


सांगली
२१ जून २०२४

अक्का,

पत्र आणि नियम मिळाले. शेवटपर्यंत वाचले. मध्ये दोनदा बोललो, पण ऐकायला फक्त सुशीला होती.

आधी भाषेविषयी. तू लिहिलं आहेस, "कट्ट्यावरची कायी मारायला येत नाही." हुबळीत याचा अर्थ कट्ट्यावरच्या सोंगटीला मारता येत नाही. सांगलीत याचा अर्थ त्या सोंगटीला मारण्याची कला अवगत नाही. शिवाय कायी म्हणजे काय हे इथं कुणाला कळणार नाही. मी "फुलीवर बसलेली सोंगटी मारता येणार नाही" असं केलं आहे.

आता नियमांविषयी. हात लावू नकोस म्हणालीस, पण मी पाहिल्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. नियम दुसरा: "खेळाची सुरुवात घरातल्या वयानं मोठ्या लेकीनं करावी." नियम पाचवा: "भावानं बहिणीची सोंगटी आधी मारू नये." नियम सहावा: "एकही सोंगटी न मारता आतल्या घरांत जाता येतं." अक्का, हा खेळाचा कायदा नाही, हा तुझा जाहीरनामा आहे. दुनियेत सगळीकडे आधी एक तरी सोंगटी मारावी लागते, तेव्हाच आत जायची वाट उघडते. तू लहानपणी कुणाला मारू शकायची नाहीस म्हणून हा नियम काढलास, आणि आता तो छापायला निघाली आहेस. एकदा छापला की लोक त्याला शास्त्र समजतील.

मी ते तिन्ही काढले आहेत. त्यांच्या जागी योग्य ते लिहिलं आहे.

अप्पांचा विषय मी काढत नाही. त्यांनीच काढला. परवा दुपारी तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा त्यांचा फोन आला होता. चहात साखर नाही, नऊ वाजता दिवा बंद, बोलायला माणूस नाही, असं म्हणाले. आवाज बारीक होता. सुशीलानं खालची खोली रिकामी करून ठेवली आहे, जिना चढायला नको. हिवाळाभर तरी त्यांना इकडे पाठव. मुलगा असून वडील बहिणीकडे ठेवले, असं लोक म्हणतात ते सोड, पण मलाच ते बरं वाटत नाही.

तुझा
प्रभंजन


केशवापूर, हुबळी
२ जुलै २०२४

प्रभंजन,

तुझे नियम वाचले. आठवा वाचून अश्विनी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "वाद उद्भवल्यास कायद्याची जाण असलेल्या खेळाडूचा निर्णय अंतिम राहील." आणि माझा जाहीरनामा म्हणे.

अप्पांचं सांगते. तुला फोन केला त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "श्यामला, त्या प्रभ्याचा फोन आला होता. फार मागं लागलाय. मला नाही बाई जायचं त्या सांगलीला, तिथं कन्नड बोलायला कोण आहे?" फोन तू केलास की त्यांनी, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच कळतं, इथल्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी जन्मभर वह्या-पेनांचं दुकान चालवलं, त्यांना या वयात अनोळखी गावात नेऊन खोलीत बसवणं बरोबर नाही. इथं रस्त्यानं जाणारा अर्धा माणूस त्यांना नमस्कार करतो.

पण तू ऐकणार नाहीस. मग एक कर. भाऊबीजेला सुशीलाला घेऊन येतोसच. आपण खेळून ठरवू. जो जिंकेल त्याच्याकडे हिवाळाभर अप्पा. हरलेल्यानं तोंड उघडायचं नाही. आहे तयारी?

श्यामला


सांगली
१५ जुलै २०२४

अक्का,

तयारी आहे. सुशीला म्हणाली, "वडिलांना सोंगटीसारखं पैजेवर लावताय, शोभतं का?" मी म्हटलं, पैज अक्कानं लावली आहे. ती म्हणाली, "आणि उचलली कुणी?" पण आता माघार नाही.

प्रश्न राहतो तो डब्याचा. तुझ्या डब्यातले नियम तुझ्या बाजूचे, माझ्या डब्यातले कायद्याच्या बाजूचे. अप्पा हरलेल्याकडून जिंकलेल्याकडे जाणार, म्हणजे प्रकरण दोन राज्यांतलं आहे. तेव्हा नाणं उडवू. छापा आला तर चौकाबारा, काटा आला तर चल्लस-आठ. दोन्ही डबे नवे आणि बंद आणायचे. वरचं प्लास्टिक सगळ्यांसमोर काढायचं, म्हणजे आतला कागद बदलला असं कुणी म्हणणार नाही. मी माझा डबा इथल्या दुकानातून पावतीसह घेईन.

माझे नियम मी अश्विनीला थेट पाठवले आहेत. तू मधे पडू नयेस म्हणून.

प्रभंजन


बेलूर, धारवाड
९ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

तुम्ही पाठवलेले नियम मिळाले. नंतर पाठवलेली दुरुस्ती मिळाली, आणि दुरुस्तीवरची दुरुस्तीही मिळाली. आईंच्याही मिळत आहेत. आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे त्यांच्या दुरुस्त्या जेवतानाही येतात.

मामा, मी थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका. दुकानदारानं नमुन्याचे दोन्ही डबे मागवले आणि दोन्हींतले नियम वाचून घेतले, त्याच्याकडे कन्नड वाचणारा माणूस आहे. त्याचा फोन आला. म्हणाला, "बाहेरचं नाव वेगळं चालेल, चित्र वेगळं चालेल. पण खेळ एक असताना नियम दोन कसे? मिरजेत अर्ध्या घरांत कन्नड चालतं, त्यांच्यासाठी तोही डबा ठेवायचा आहे. कुणी हा डबा घेईल, कुणी तो घेईल, आणि भांडायला माझ्या दुकानात येतील. नियम एक करा, नाहीतर माल परत." कापड छापून झालं आहे, सोंगट्या रंगवून झाल्या आहेत. माल परत आला तर दिवाळीनंतर शेड बंद करण्याशिवाय मला मार्ग नाही. शेडमधल्या बायकांना मी काय सांगू?

तुम्ही मागं हटणार नाही, आईही हटणार नाहीत, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे. म्हणून मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे. दोन्ही डब्यांत एकच कागद जाईल, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. त्यात काय आहे ते मी तुम्हाला सांगत नाही आणि आईंनाही सांगितलेलं नाही. भाऊबीजेला डबा उघडाल तेव्हा कळेलच. तोवर दुकानात जाऊन दुसरा डबा फोडून बघू नका, एवढी विनंती.

तुमचे अप्पा, आमचे अज्जा, मजेत आहेत. अलीकडे आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर रिक्षानं बस स्टँडवर आणि तिथून बसनं शेडवर येतात. कवड्या सारख्या पडतात का ते बघायला माणूस लागतोच.

तुमची
अश्विनी


केशवापूर, हुबळी
८ नोव्हेंबर २०२४

सुशीला,

तुझा ताप उतरला का ते कळव. तू आली असतीस तर बरं झालं असतं. आज तुला पत्र लिहितो आहे, कारण फोन केला की अक्का शेजारी येऊन उभी राहते आणि माझ्या वाक्यांचे शेवट तीच करते. अश्विनी बेलूरला जाताना हे टपालात टाकणार आहे.

मी ठरल्याप्रमाणे परत येऊ शकलेलो नाही. फोनवर गुडघा दुखतो म्हणालो ते खरं नव्हतं. खरं असं घडलं.

भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर जेवणं उरकली आणि हॉलमध्ये सतरंजी टाकली. अप्पा खुर्चीत मधोमध बसले. अक्काच्या श्रीहरीनं नाणं उडवलं, काटा आला, म्हणजे माझा डबा. मी पावती दाखवली, सगळ्यांसमोर प्लास्टिक काढलं आणि आतला कागद उघडून मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलाच नियम मी थांबून पुन्हा वाचला. "खेळाची सुरुवात घरात जो सर्वांत उशिरा आला त्याने करावी, कारण तो दमलेला असतो." हा माझा नियम नव्हता. अक्कानं घाईनं तिचा डबा फाडला. आतला कागद तोच. तिचाही नियम नव्हता.

"हे कुणी लिहिलं?" अक्कानं विचारलं.

अप्पा म्हणाले, "मी. पंच्याऐंशी वर्षं खेळतोय. तुम्हा दोघांना शिकवलं कुणी?"

मग कळलं की अश्विनी ऑर्डर जाते की राहते या काळजीत असताना त्यांनीच तिला म्हटलं होतं, आण इकडे, ती दोघं जन्मात एकमत व्हायची नाहीत. नियम साधे होते. आत जायला एक सोंगटी मारावी लागते, इथं मी बरोबर. पण आठ पडले तर मेलेली सोंगटी परत मांडता येते, ते अक्काचं. आणि सगळ्यांत शेवटी, कन्नड आणि मराठी दोन्हींत, ठळक अक्षरांत हे होतं: "हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरी पाहुणा म्हणून राहायला जावे. पुढचा डाव होईपर्यंत जिंकलेल्याने त्याला सोडू नये. डावाला घरातले सर्वांत वडील माणूस हजर असावे." त्याखाली अश्विनीनं बारीक अक्षरांत "ऐच्छिक" असं छापलं होतं. अप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "अप्पा, पैज वेगळी होती. जो जिंकेल त्याच्याकडे तुम्ही."

"मला विचारलं होतं काय?" ते म्हणाले. "छापलंय ते खरं. तूच म्हणत होतास ना, छापलं की शास्त्र?" माझी पत्रं अक्का त्यांना वाचून दाखवते, हे मला तेव्हा कळलं.

खेळलो. सुशीला, मी चांगला खेळलो. माझ्या तीन सोंगट्या आत पोचल्या होत्या आणि चौथी दारात होती. अक्काला ओळीनं दोनदा आठ पडले. तिनं माझी दारातली सोंगटी उचलली आणि मला म्हणाली, "मला मारायला येत नाही म्हणालास ना?" मी हरलो.

नियमानुसार मी आता पाहुणा आहे. "पाहुणा" या शब्दाची व्याख्या दिलेली नाही, त्यामुळे अक्का मला ताटात उष्टं टाकू देत नाही आणि भांडी विसळायलाही लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चला, पुढचा डाव मांडू, म्हणजे मी मोकळा. अप्पा म्हणाले, आज पाठ धरली आहे, उद्या. परवा म्हणाले, बुधवार आहे, बेलूरला जायचं आहे. काल म्हणाले, आज खेळण्यासारखं हवामान नाही. ते हजर असल्याशिवाय डाव होत नाही, हे तर त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर शेडवर गेलो. तिथल्या बायका त्यांना अज्जा म्हणतात. त्यांच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची आहे. प्रत्येक कवडी ते तळहातावर घोळवून टाकतात, वाकडी पडणारी बाजूला करतात आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांशी खेळून सगळ्यांना हरवतात. चहा आला तेव्हा चुकून त्यांचा पेला मी उचलला. इतका गोड होता की घशाखाली उतरेना. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ते इथं दुःखी नाहीत, सुशीला. मला फोनवर साखर नाही म्हणायचे, अक्काला सांगलीत कन्नड नाही म्हणायचे, आणि आम्ही दोघं त्यावर भांडायचो. पण निदान भांडण्यासाठी तरी एकमेकांशी बोलत होतो. आई गेल्यापासून मी या घरी सणापुरता येतो आणि जेवून निघतो. रात्री जेवताना ते एकदा माझ्याकडे बघतात, एकदा अक्काकडे, आणि आणखी भात वाढून घेतात. मला वाटतं त्यांची पाठ इतक्यात बरी व्हायची नाही. आणि खरं सांगू, मला घाईही नाही.

माझे गरम कपडे आणि चष्म्याचा दुसरा जोड बसनं पाठव.

तुझा
प्रभंजन


सांगली
१४ नोव्हेंबर २०२४

अहो,

ताप उतरला. कपडे पाठवले नाहीत, कारण कळेल पुढे.

डब्यांचं आधी सांगते. अश्विनीला सांगा, दुकानात एकही डबा उरलेला नाही, न नथवालीचा, न बिननथेचा. मिरजेच्या गिऱ्हाइकांसाठी मागवलेले कन्नड डबेसुद्धा गेले. दुकानदाराला आणखी हवे आहेत. पण त्याच्याकडे रोज माणसं येतात आणि शेवटच्या नियमाबद्दल विचारतात. एकाचे साडू हरून राहायला आले आहेत आणि त्यांचा परतीचा डाव हा माणूस मुद्दाम हरायला तयार आहे, तरी साडू खेळायला बसत नाहीत. आपल्या मागच्या गल्लीतल्या तानूबाई सुनेकडून हरल्या. आता दोघी एकाच घरात राहतात, मग कुठं जायचं? तानूबाईंनी स्वतःच निकाल दिला. त्या सुनेच्या पाहुण्या आहेत. बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसतात आणि चहा झाला का म्हणून विचारतात. सून म्हणते, मी जिंकले ते चुकलंच. ते बारीक अक्षरांतलं "ऐच्छिक" कुणी वाचत नाही. मी दुकानदाराला सुचवलं की ते मोठं करा. तो म्हणाला, "वहिनी, नको. त्यामुळेच खपतोय."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही तिथं राहायला राजी आहात हे वाचून मला आनंद झाला. तो मनापासून झाला आहे, टोमणा समजू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्ही अक्कांच्या घरी एका रात्रीपेक्षा जास्त कधी राहिला नाहीत. मामंजींनी जे केलं ते तुम्हाला आणि अक्कांना मिळून कधी जमलं नसतं.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खालची खोली मी झाडून, पलंग घालून, खिडकीला नवे पडदे लावून तयार केली आहे, आणि ती जूनपासून रिकामी आहे. मला सासरे हवे आहेत. मला नणंदही हवी आहे, कारण माझ्याशी बोलायला इथं तुम्ही असता, आणि तुम्ही ऐकत नाही.

म्हणून तुमचे गरम कपडे आणि चष्मा घेऊन मीच शनिवारच्या गाडीनं निघते आहे. अश्विनीकडून मी मराठी डबा मागवला होता. ताप उतरल्यापासून रोज दुपारी तानूबाईंच्या सुनेशी खेळते आहे, आणि ती कुणी साधी खेळाडू नाही. अक्कांना सांगू नका.

पोचल्यावर मी अक्कांना डावाला बोलावीन. घरात सर्वांत उशिरा आलेली मी असेन, म्हणजे सुरुवात माझी. मामंजींची पाठ माझ्यासाठी नक्की बरी होईल, मी काल त्यांच्याशी फोनवर बोलले आहे. मी जिंकले की अक्का नियमानुसार माझ्या घरी पाहुण्या म्हणून येतील. त्या आल्या की मामंजी मागं राहणार नाहीत, त्यांना सोबत कन्नड बोलायला माणूस असेल. हिवाळा इथं काढू, उन्हाळ्यात त्यांना बेलूरच्या कवड्या बघायला परत पाठवू.

राहता राहिलात तुम्ही. तुमचा परतीचा डाव अजून झालेला नाही आणि तुम्हाला घाईही नाही, हे तुमच्याच अक्षरात माझ्याकडे आहे. तेव्हा तुम्ही केशवापूरलाच राहा. अश्विनी दिवसभर बेलूरला असते, घर बंद ठेवणं बरं नाही. दूधवाला सहाला येतो असं अक्का म्हणाल्या होत्या.

तुमची
सुशीला